भूतानचं बजेट मांडताना आधी रात्री मोजा

कोल्हापुरातून भूतानला जायचं ठरलं की सगळे आधी विमानाचे दर बघत बसतात. त्याआधी मुक्कामाच्या रात्री मोजा. भारतीय पर्यटकाला तिथं माणशी, दर रात्रीला 1200 रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. म्हणजे नवरा-बायको आणि आठ वर्षांचं पोर, पाच रात्री: 12,000 अधिक 3,000, झाले 15,000. हॉटेल, जेवण, गाडी वेगळं. म्हणून एक रात्र कमी केली तर बचत दिसते.

व्हिसा लागत नाही, पण आधार कार्डावर जाऊ नका. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच चालतं. पोरांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला घ्या.

पश्चिम बंगालमधल्या बागडोगरा विमानतळावर उतरून सीमेवरच्या फुन्शोलिंग गावामार्गे रस्त्यानं गेलं तर थेट पारोच्या विमानापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. पारोजवळचा 1692 सालचा तक्त्सांग मठ मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा. तो 3,000 मीटरहून जास्त उंचीवर आहे. पन्हाळा चढल्याचा हिशेब तिथं चालत नाही, दम लागतो. तिखटाची चिंता नको, एमा दात्शी म्हणजे मिरच्यांचीच भाजी, चीजमध्ये शिजवलेली!