टाइलमधल्या फटी नव्याने भरताना: पुसणं नीट जमलं तरच काम टिकतं

बाथरूमच्या टाइलमधल्या फटी काळ्या पडल्या, भुसभुशीत झाल्या की पहिला सल्ला हमखास मिळतो: ‘वरून व्हाइट सिमेंट फिरवा.’ कृपा करून फिरवू नका. जुन्या मळकट ग्राउटवर, म्हणजे फटीत भरलेल्या सिमेंटच्या मसाल्यावर, ओढलेल्या त्या पातळ थराला धरायला जागाच नसते. थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटतात आणि खालचा काळा रंग पुन्हा दिसू लागतो. दुसरा सल्ला ॲसिडचा. ॲसिडने फट पांढरी दिसते खरी, पण ती वरचं सिमेंट विरघळल्यामुळे. उरलेलं ग्राउट आणखी सच्छिद्र होतं आणि पुढचा मळ अजून खोल जातो.

जुनं ग्राउट खरवडून नवं भरणं हाच खरा उपाय, आणि तो घरच्या घरी जमतो. सुरुवातीला फक्त प्रत्येक टाइलवर टकटक करून पाहा. बद्द, पोकळ आवाज आला तर ती टाइल मागून सुटली आहे. ती आधी पक्की बसवून घ्या. आणि भिंतीच्या पलीकडे ओल उमटत असेल तर नव्या ग्राउटने ती थांबेल ही आशा सोडा. सिमेंटचं ग्राउट पाणी पूर्णपणे अडवत नाही. ते काम टाइलमागच्या वॉटरप्रूफिंगचं असतं.

खरवडणं. निदान ३ मिमी खोल, जमलं तर टाइलच्या जाडीच्या दोन तृतीयांशापर्यंत. हाताने चालवायचं दातेरी पातं घ्या. मशीन जरा घसरलं की टाइलची कड उडते आणि ती पुन्हा जोडता येत नाही. मास्क आणि चष्मा लावाच, ही धूळ छातीत जाऊ देऊ नका. मग झाडून, ओल्या फडक्याने पुसून फटी रात्रभर वाळू द्या.

निवड. फट ३ मिमीपर्यंत असेल तर बिनवाळूचं ग्राउट, त्याहून रुंद असेल तर वाळूचं. इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचं) उत्तम असतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. टाइलवर एकदा कडक झालं की ते काढणं फार जिकिरीचं.

कालवणं. भांड्यात आधी पाणी, मग पावडर, पाकिटावरच्या मापाने. टूथपेस्टइतकं घट्ट झालं की ५ ते १० मिनिटं तसंच ठेवा आणि पुन्हा ढवळा. नंतर घट्ट होऊ लागलं तर पाणी घालून सैल करू नका, फेकून द्या. म्हणून थोडं थोडंच कालवा.

भरणं. रबरी फ्लोट (रबरी तळाची सपाट थापी) तिरका धरून, फटींना आडवा जाईल असा, दाबून फिरवा. मग तोच फ्लोट जवळजवळ उभा धरून वरचं जादा ग्राउट ओढून घ्या. एका वेळी साधारण एक चौरस मीटर पुरे.

पुसणं. आता खरं काम. इथेच माझी पहिली भिंत वाया गेली होती. भरणं छान झालं होतं. मग टाइलवर ग्राउट सुकून बसेल या धास्तीने मी लगेच, निथळत्या स्पंजने, घासघासून सगळं पुसलं. भिंत त्या दिवशी लख्ख दिसत होती. आठवड्याभरात फटींवर पांढरट डाग उठले, कुठे फिकट कुठे गडद असे पट्टे पडले, आणि नखाने ओरखडलं तर पावडर हाताला येत होती. सगळं पुन्हा खरवडावं लागलं.

कारण साधं आहे. सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं, पण ठरावीकच. वरून जादा पाणी मुरलं की ते नंतर उडून जाताना मागे बारीक छिद्रं ठेवतं. रंगही पाण्याबरोबर वाहून एकीकडे जमतो. भरताना कमीजास्त झालेलं सुधारता येतं, पुसताना पाजलेलं पाणी परत काढता येत नाही.

तेव्हा आधी थांबा. पहिली १०-१५ मिनिटं भिंतीला हात लावू नका. नंतर बोट टेकवून पाहा. फटीत बोटाचा ठसा उमटत असेल तर वेळ झालेली नाही. टाइलवरचा थर निस्तेज होऊन ग्राउट बोटाला चिकटेनासं झालं की सुरुवात करा. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा, कारण दमट हवेत हाच वेळ बराच वाढतो. पंखा मात्र लावू नका. ग्राउट वरून घाईने सुकतं आणि त्याला चिरा पडतात.

स्पंज इतका पिळा की पुन्हा पिळला तर थेंबही पडू नये. दोन बादल्या ठेवा, एक मळ धुवायला, दुसरी स्वच्छ पाण्याची. स्पंज फटींना तिरका, हलक्या हाताने, एकदाच ओढायचा. मग स्पंजची दुसरी बाजू, तीही एकदाच. मग धुवून, पिळून पुन्हा. फटीच्या रेषेत ओढलात तर ग्राउट उकरून बाहेर येईल. एकाच जागी मागे-पुढे घासणं तर नकोच. पहिल्या फेरीत टाइल स्वच्छ दिसणार नाही, धुरकट दिसेल. दिसू द्या. हा धुरकटपणा पाण्याने घालवायचा मोह सर्वात घातक. दोन-तीन तासांनी कोरड्या सुती फडक्याने तो सहज निघतो.

कोपरे. दोन भिंती जिथे मिळतात आणि भिंत जिथे जमिनीला टेकते तिथे ग्राउट भरू नका. दोन बाजू वेगवेगळ्या हलतात, ग्राउट तडकतंच. तिथे रबरासारखं लवचीक सिलिकॉन हवं. जुनं सिलिकॉन पूर्ण काढा; त्याच्या अंशावर नवं सिलिकॉनही धरत नाही. शेजारचं ग्राउट पुरतं वाळल्यावरच सिलिकॉन भरा, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, आणि साय धरायच्या आत पट्टी ओढून काढा.

शॉवर किमान २४ तास बंद. पाकिटावर ७२ लिहिलं असेल तर ७२.

बादलीतलं गढूळ पाणी मोरीत ओतू नका. रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी अलगद झाडाझुडपांपासून दूर मोकळ्या मातीत सोडा आणि तळाचा गाळ कडक झाला की कचऱ्यात टाका. हेच सिमेंट पाइपात बसलं तर ते तिथेही घट्ट होतं.