पिशवी कुजली नाही, जखमेचा टाका मात्र विरघळला: या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरचा खताचा ड्रम उपसला, तर तळातून एक हिरवी पिशवी निघाली. तब्बल आठ महिन्यांनी. भाजीची देठं, चहाचा चोथा, केळ्याची सालं यांची काळीभोर माती झालेली, आणि पिशवी मात्र धुऊन पुन्हा मंडईत नेता येईल अशी. तिच्यावरचं ‘कंपोस्टेबल’ अक्षरही पुसलं नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “फसवलं हो तुम्हाला!”

पिशवी खोटी नव्हती. चूक आमची होती, आणि ती बहुतेक घरांत होते: कुजणं हा वस्तूचा गुण आहे असं आपण धरून चालतो. कुठे आणि किती उष्णतेत, हे विचारतच नाही. अशा पिशव्यांची कसोटी ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास घेतात. तेवढ्या उष्णतेत १८० दिवसांत तिच्यातल्या निदान ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. एवढी ऊब मोठ्या ढिगात धरून राहते, वीस-पंचवीस किलोच्या घरच्या ड्रममधून ती निसटते. बाहेर पुण्याचा मे महिना असला तरी. म्हणून अशी पिशवी घरच्या ड्रममध्ये घालूच नका, ओला कचरा त्यात सुटाच टाका. विकत घेताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलाय का ते बघा. नुसतं ‘इको’ आणि हिरवं पान असेल तर ठेवून द्या. ‘ऑक्सो’ प्रकारातल्या, म्हणजे साध्या प्लास्टिकमध्ये तुकडे पाडणारं रसायन घातलेल्या पिशव्या तर त्याहून वाईट. त्यांचा नुसता चुरा होतो आणि तो मातीत तसाच राहतो.

मी ती पिशवी सुक्या कचऱ्यात टाकली, ही पुढची चूक. कचरावेचक ताईंनी ती दोन बोटांत चोळली आणि परत हातात दिली. “ही भंगारात जात नाही दादा, चांगला माल बिघडवते.” बरोबर होतं त्यांचं. नेहमीच्या प्लास्टिकमध्ये ही मिसळली की वितळवलेला सगळाच माल कमजोर होतो.

गंमत म्हणजे याच पिशवीतल्या एका घटकाचं भावंड आपल्या अंगात मुकाट्याने विरघळतं. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात आणि त्याच्या लांब साखळ्यांचं प्लास्टिक बनतं. त्यात ग्लायकोलिक आम्ल मिसळलं की ऑपरेशननंतरच्या विरघळणाऱ्या टाक्यांचा धागा होतो. एका प्रचलित धाग्यात ग्लायकोलिकचा वाटा ९० टक्के आणि लॅक्टिकचा १०. शरीर फक्त ३७ अंशांवर असतं, मग हा कसा विरघळतो? धागा बारीक, सतत ओला, आणि ग्लायकोलिकचा भाग पाणी सहज आत घेतो. पाणीच साखळ्या तोडतं, जंतूंची गरजही लागत नाही. तीन-चार आठवड्यांत धाग्याची ताकद जाते. पूर्ण नाहीसा व्हायला साधारण दोन-अडीच महिने लागतात.

इथेही चुका ठरलेल्या. बाहेर डोकावणारं टोक ओढून बघायचं, हे पहिलं. आईच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे एका पाहुण्यांनी ते केलंच, वर “सुटत आलाय” असा अहवालही दिला! दुसरी चूक, सगळेच टाके विरघळतात असं समजून तपासणीला न जाणं. नायलॉन किंवा रेशमी टाके काढावेच लागतात, म्हणून घरी सोडतानाच कोणता धागा घातला ते विचारून घ्या. जुन्या कॅटगटचं तंत्र आणखी वेगळं. मेंढी किंवा गाईच्या आतड्यापासून केलेला हा धागा शरीरातली विकरं (एन्झाइम) पचवतात, त्यामुळे जखम चिघळली तर तो वेळेआधीच तुटू शकतो. टाक्यांभोवती लाली वाढली, पू दिसला, ताप आला तर धाग्याला मुदत देत बसू नका, डॉक्टर गाठा.

आता पुन्हा ड्रमकडे, कारण तक्रारी तिथल्याच जास्त. नाकाने निदान करायला शिका. झणझणीत, लघवीसारखा वास आला तर नत्र जास्त झालंय, सुकी पानं घाला. सडलेल्या अंड्याचा वास आला तर पाणी साचून हवा कोंडलीय. सगळं पालथं करा, भुसा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा) मिसळा आणि दोन दिवस भर घालू नका. ओलाव्यासाठी मूठ पुरते: घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. मूठ उघडताच भुगा सांडला तर पाणी शिंपडा. पांढरी बुरशी दिसली की लोक फिनेल ओततात, आणि कामाला लागलेले सगळे जीव मारून टाकतात. राखट, जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या बहुधा सैनिक माशीच्या असतात आणि काम भराभर उरकतात. कचरा कुजवणाऱ्या जंतूंची विकतची ‘कल्चर’ पावडर वारंवार ओतायची गरज नाही, पहिल्या खेपेला मूठभर जुनं खत पुरतं. खरी टंचाई सुक्या पानांची. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीत ढीग पडतो आणि त्याला काडी लावतात (गुन्हा आहे, पण सांगणार कोण). चार पोती बांधून ठेवली तर पूर्ण पावसाळा निघतो.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीचं घरी विसर्जन करतानाही असाच घोळ होतो. ती कुजत नाहीच, तिची रासायनिक क्रिया व्हावी लागते. त्याला अमोनियम बायकार्बोनेट हवं, साधारण मूर्तीच्या वजनाएवढं. बरेचजण स्वयंपाकाचा सोडा घालतात. त्यातून उरलेलं सोडियम झाडांना मानवत नाही. दुसरी चूक, बादली बंद बाथरूममध्ये ठेवणं. अमोनियाने डोळे चुरचुरतात, बाल्कनीत ठेवा आणि अधूनमधून काठीने ढवळा. तळाशी खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट बसतं, वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. रंग त्यातच उतरलेला असतो, म्हणून ते भाज्यांना नको. शोभेच्या झाडांना घालायचं तरी भरपूर पाणी मिसळून. आमच्या तुळशीला ते थेट ओतलं होतं. चौथ्या दिवशी पानं काळी पडली.