महागडी आयरिश ब्लेंडेड व्हिस्की घेताय? या चुका टाळा

डब्लिनहून येणाऱ्याला महागातली बाटली आणायला सांगायची, ती आली की बर्फ-सोडा ओतून मसाला शेंगदाण्यांबरोबर संपवायची आणि वर विचारायचं, "साध्या जेमसनमध्ये आणि हिच्यात फरक तो काय?" फरक आहे, पण अशी प्यायलात तर कुणालाच कळणार नाही.

उदाहरणाला मिडलटन व्हेरी रेअर घेऊ. आयर्लंडमध्ये ती साधारण २०० युरोंच्या आसपास जाते, जेमसन ३०च्या आसपास. दोन्ही ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या व्हिस्कींचं मिश्रण, आणि दोन्ही कॉर्क परगण्यातल्या मिडलटन डिस्टिलरीच्याच.

'स्मूथ'साठी पैसे मोजणं

सगळ्यात महागडी चूक ही. घशाखाली अलगद उतरणं हे तिहेरी ऊर्ध्वपातन (तीनदा गाळणं), मका वगैरे धान्यांची हलकी ग्रेन व्हिस्की, धुराच्या वासाचा अभाव आणि ४० टक्के अल्कोहोल यांचं काम. हे सगळं ३० युरोंतही मिळतं. जास्तीचे पैसे जातात ते जुन्या पॉट स्टिल व्हिस्कीला (मोड आणलेल्या आणि न आणलेल्या बार्लीची, तांब्याच्या भांड्यात गाळलेली) आणि चांगल्या पिंपांना. पिंपातून दर वर्षी साधारण दोन टक्के माल उडून जातो, म्हणजे १८ वर्षांत जवळपास ३० टक्के साफ. ती किंमत घोट गिळल्यानंतर कळते. जेमसनची चव लवकर विरते, जुन्या पॉट स्टिलचा मसालेदारपणा जिभेवर रेंगाळतो. रेंगाळणारी चव आवडत नसेल तर २०० युरो वाया गेलेच म्हणून समजा.

पारख अशी करा. एकसारखे तीन ग्लास घ्या, बुडाला चिकटपट्टीवर खुणा करा आणि ओतायचं काम दुसऱ्याकडे द्या. दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी २० मिली. बर्फ नाही, चकणा नाही. तिखटानं जीभ आधीच बधिर झालेली असते. दहा मिनिटं थांबा, मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. शेवटी प्रत्येकात ५ मिली पाणी घाला, ४० टक्क्यांचे ३२ होतात आणि वास मोकळा होतो. वेगळा ग्लास कोणता हे ओळखता आलं नाही तर स्वस्तातली आणा, त्यात कमीपणा नाही. पण दहा मिनिटंसुद्धा दम न धरणाऱ्यांनी महाग बाटलीच्या वाटेला जाऊ नये.

३० वरून थेट २०० वर उडी मारायचीही गरज नसते. मध्ये बुशमिल्सची ब्लॅक बुश आहे, भरपूर माल्ट (मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) आणि ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांचा गोडवा असलेली. त्यानंतर रेडब्रेस्ट १२ चाखा. ती ब्लेंड नव्हे, निव्वळ पॉट स्टिल आहे. महाग ब्लेंडमध्ये ज्याचे पैसे मोजता, तेच इथे सरळ समोर येतं.

लेबलवरचं साल म्हणजे वय समजणं

व्हेरी रेअर १९८४पासून निघते आणि लेबलवर साल असतं ते बाटलीत भरल्याचं. वाइनवाल्यांची सवय इथे लावून लोक बाटली शोकेसमध्ये मांडतात, "मुरू दे" म्हणतात. व्हिस्की मुरते पिंपात. बाटलीत गेली की वय थांबलं.

पुढे काय होतं तेही ठरलेलं. शोकेस खिडकीसमोर, दुपारचं ऊन थेट बाटलीवर. वर कुणीतरी हौशीनं ती आडवी ठेवलेली असते. स्ट्राँग दारूत भिजून बुचाचा भुगा होतो, रंग फिका पडतो आणि मुलीच्या लग्नात थाटात उघडायला घेतलं की अर्धं बूच हातात, अर्धं बाटलीत. मग कुणीतरी उरलेला तुकडा चमच्यानं आत ढकलतो.

तो ढकलू नका. स्क्रूनं हळूहळू ओढा. आत पडलाच तर कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळून, उकळत्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरा. एरवी बाटली उभी आणि अंधारात ठेवा. दोन-तीन महिन्यांनी क्षणभर उलटी करून बूच ओलं केलं की पुरे. उघडलेली एक तृतीयांशावर आली की छोट्या बाटलीत काढा किंवा मित्रांना बोलवा. हवेनं चव बोथट होते.

बाकीच्या

लेबलवर १८ असेल तर तो आतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचा आकडा.

'रेअर', 'रिझर्व्ह' या शब्दांना वयाचा कायदेशीर अर्थ नाही.

गडद रंग म्हणजे जुनी, असं नाही. कॅरॅमल घालायची परवानगी आहे.

ब्लेंड म्हणजे भेसळ नव्हे. त्यातला प्रत्येक घटक किमान तीन वर्षं लाकडी पिंपात राहिलेला असतो.

पाणी घातल्यावर गढूळ झाली म्हणून नकली ठरवू नका. ४६ टक्क्यांच्या, गार करून न गाळलेल्या व्हिस्कीत तसं होतंच.

आणि बाटल्या मागवताना बेरीज करा. भारतात येताना माणशी दोन लिटरची सूट आहे. ७०० मिलीच्या तीन म्हणजे २.१ लिटर, तिसरीवर कस्टम्स हात ठेवणार. विमानतळावरची सीलबंद पिशवी वाटेत फोडू नका. मधल्या मुक्कामी सुरक्षा तपासणीत बाटली काढून घेतात.