कमी पैशात पुलिया: इटलीच्या टाचेवर फिरायचं कसं ठरवावं

इटली म्हटलं की आपली मंडळी रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करतात आणि समुद्रासाठी अमाल्फीचे हॉटेल रेट बघितले की गप्प बसतात. पण नकाशात बुटाची टाच दिसते ना, ती म्हणजे पुलिया, एका अंगाला एड्रियाटिक, दुसऱ्या अंगाला आयोनियन समुद्र आणि मधे ऑलिव्हच्या बागा, पांढरी गावं, आणि जेवण असं की साध्या बेकरीतून बाहेर पडताना पण माणूस खूश. इथे स्वस्त डील शोधत रात्र रात्र बसायची गरजच नाही, असं माझं ठाम मत आहे. कुठला महिना, मुक्काम कुठे आणि रविवारी काय करायचं, एवढं आधी नीट ठरवलंत की खर्च आटोक्यात राहतो.

आधी महिना. ऑगस्ट सरळ विसरा. १५ ऑगस्टला तिकडे फेर्रागोस्तो हा सुट्टीचा मोठा सण असतो, अख्खी इटली तेव्हा समुद्रावर असते, खोल्यांचे भाव अव्वाच्या सव्वा होतात, ऊन पण ३५ च्या वर जातं, आणि तेवढे पैसे देऊन वाळूत टॉवेल टाकायला जागा मिळेल याची खात्री नाही. मे, जूनचा पहिला पंधरवडा, नाहीतर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची सुरुवात, हे बघा. पोहायचं असेल तर सप्टेंबरच, कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा कोमट असतं, मे मध्ये ऊन छान पण पाण्यात पाय टाकला की दात वाजतात. मुलांच्या सुट्टीमुळे मे मध्येच जावं लागत असेल तरी जा, चालत फिरायला त्याच्यासारखा महिना नाही. दिवाळीच्या सुट्टीत मात्र समुद्रकाठची बरीच दुकानं नि हॉटेलं बंद झालेली असतात, तेव्हा बारी आणि लेच्चे ही शहरं धरा आणि बीचचा नाद सोडा.

व्हिसा शेंगेनच लागतो, महाराष्ट्रातले अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत मुंबईच्या इटालियन कॉन्सुलेटकडे जातात. मोठ्या माणसाची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, वर सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरो कव्हरचा पाहिजे. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटसाठी मारामारी असते म्हणून लवकर करा. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या, थोडं महाग पडलं तरी चालेल. स्वस्त म्हणून नॉन-रिफंडेबल घेऊन ठेवलं आणि व्हिसा लांबला तर सगळंच पाण्यात.

मुंबईहून बारीला डायरेक्ट विमान नाही. रोमला उतरा आणि पुढे ट्रेन पकडा, फास्ट ट्रेन साधारण ४ तासात बारीला सोडते, तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. बस त्याहून स्वस्त पण वेळ जास्त खाते. युरोपात आधीपासून असाल (जर्मनी, नेदरलँड्समधल्या आपल्या मराठी लोकांनी हे वाचावंच) तर बारी आणि ब्रिंडिझी दोन्हीकडे लो-कॉस्ट विमानं येतात, फक्त केबिन बॅगेचं माप घरी टेपने मोजून बघा, गेटवरचा दंड कधी कधी तिकिटापेक्षा जास्त असतो. आणि शक्य असेल तर बारीत उतरून ब्रिंडिझीहून परत असं तिकीट काढा, म्हणजे उलटं यायचं भाडं वाचतं.

आता मुक्काम, आणि इथेच लोक फसतात. फोटो बघून समुद्रकड्यावरच्या पोलिन्यानो आ मारे किंवा टोपीसारख्या दगडी छतांच्या आल्बेरोबेल्लोत रात्रीला भरमसाठ पैसे देऊन खोली घेतात. त्यापेक्षा दोनच ठिकाणी राहा, अर्धे दिवस बारी किंवा मोनोपोली आणि अर्धे दिवस लेच्चे, आणि खोली स्टेशनपासून चालत १५ मिनिटांच्या आत. बारी, पोलिन्यानो, मोनोपोली, ओस्तूनी, ब्रिंडिझी, लेच्चे हे सगळं एकाच मेन लाईनवर आहे. बारीहून पोलिन्यानो लोकलने साधारण अर्ध्या तासावर, म्हणजे सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. मोनोपोलीला जुन्या गावाला लागूनच पोर्ता वेक्क्या नावाचा छोटा वाळूचा फुकट बीच आहे, बंदर आहे, संध्याकाळी गावची माणसं खुर्च्या टाकून बसलेली असतात, आणि पोलिन्यानोपेक्षा गर्दी कमी. माझी निवड कायम मोनोपोली.

ट्रेनचं नीट समजून घ्या. रेजोनाले म्हणजे लोकल गाड्या, त्यांचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढलं म्हणून स्वस्त होत नाही, तेव्हा घाईने बुक करू नका. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा, मोबाईलवर असेल तर चढण्याआधी चेक-इन करायचं, दोन्हीपैकी काही राहिलं तर तिकीट असून दंड होऊ शकतो. ओस्तूनीचं स्टेशन गावापासून दोनतीन किलोमीटर खाली आहे, पांढरं गाव वर टेकडीवर, तेव्हा सिटी बसची वेळ बघूनच निघा. दुसरी कंपनी म्हणजे फेर्रोविए देल सूद एस्त, ती आल्बेरोबेल्लो, लोकोरोतोन्दो, मार्तिना फ्रांका आणि खाली ओत्रांतो, गाल्लीपोलीकडे जाते, पण ही संथ, कधी ट्रेन तर कधी तिच्या बदली बस. मातेराला जायचं तर तिसरी, फेर्रोविए आप्पुलो लुकाने, तिचं स्टेशन बारी सेंत्रालेच्या बाहेरच्या चौकातच आहे. मातेरा तसं शेजारच्या बाझिलिकाता प्रांतात येतं पण बारीहून दिवसात होतं आणि डोंगर कोरून केलेली ती सास्सीची घरं चुकवू नयेच, १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

आणि रविवार! छोट्या कंपन्यांच्या गाड्या रविवारी एकदम कमी होतात किंवा बंदच असतात, नुसत्या बस असतात. आल्बेरोबेल्लो, ओत्रांतो असले बेत सोमवार ते शनिवारमध्येच बसवा. रविवारी मेन लाईन चालते, तेव्हा ओस्तूनी करा, किंवा बारीहून तारांतो. महिन्याचा पहिला रविवार असेल तर सरकारी म्युझियम फुकट असतात, तारांतोचं पुरातत्त्व म्युझियम त्यातलंच, ग्रीक काळातले सोन्याचे दागिने इतके नाजूक की काचेला नाक लावून बघत राहावं, सोन्याची पानं एकेक शीर दिसेल अशी. तारांतोचं आपल्याशी एक नातं पण आहे, १९४३ च्या सप्टेंबरात दुसऱ्या महायुद्धात ८ वी इंडियन डिव्हिजन इथेच उतरली, त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियन होती, आणि पुढे त्याच बटालियनच्या नामदेव जाधवांना १९४५ मधल्या उत्तर इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बंदरावर उभं राहिल्यावर हे आठवावं असं मला वाटतं.

खाण्यावर सगळ्यात जास्त बचत होते आणि सगळ्यात जास्त मजा पण तिथेच. सकाळी बारमध्ये उभ्याने कॉफी, सव्वा युरोच्या आसपास, बसलात की कुठे कुठे जास्त लावतात. दुपारी बेकरीत जा, पाटीवर 'पानिफीचो' लिहिलेलं असतं, बारीचा फोकाच्चा हा चपटा पाव घ्या, वरती टोमॅटो चुरडलेले, ऑलिव्ह, कडेला तेलात तळल्यासारखा कुरकुरीत आणि मधे मऊ, वजनावर मिळतो, दोनतीन युरोत पोट भरतं. बारीच्या जुन्या गावात स्गाल्योत्से मिळतात, मक्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, गरम गरम मीठ टाकून. पान्झेरोत्तो, म्हणजे आत टोमॅटो मोझरेल्ला भरून तळलेला करंजीसारखा प्रकार, पहिला घास जपून घ्या, आतलं सारण जीभ भाजतं. घरी करून खायचं तर बाजारातून फ्रिसेल्ला आणा, आपल्या टोस्टसारखी कडक असते, पाण्यात क्षणभर बुडवायची, वर टोमॅटो, तेल, मीठ, झालं रात्रीचं जेवण. बुर्राता, म्हणजे आत क्रीम असलेलं मऊ चीज, तर इथल्याच आंद्रिया गावचं, सुपरमार्केटमध्ये सुद्धा आपल्याकडच्या मानाने खूप स्वस्त. मांसाहारी असाल तर चिस्तेर्निनोला खाटकाच्या दुकानात मांस निवडायचं आणि तेच भाजून तिथेच वाढतात, बोम्बेत्ते, म्हणजे मांसाच्या छोट्या गुंडाळ्या, मागा.

शाकाहाऱ्यांसाठी पुलिया इटलीत सगळ्यात सोपं, फावे ए चिकोरिया म्हणजे बाकल्याच्या दाण्यांचं गोळा वरण आणि कडू पालेभाजी, गरिबाघरचं जेवण आणि अप्रतिम. पण दोन ठिकाणी सावध राहा. ओरेक्क्येत्ते चीमे दी रापा हा पास्ता दिसतो शाकाहारी पण त्यात बहुतेक वेळा छोटी मासळी विरघळवलेली असते, म्हणून ऑर्डर देतानाच "सेन्त्सा अच्चूगे", म्हणजे ती मासळी नको, असं सांगा. आणि लेच्चेचं पास्तिच्चोत्तो, ते क्रीम भरलेलं गोड, त्याच्या पारंपरिक कणकेत लोण्याऐवजी स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी घालतात, तेव्हा दुकानात "स्त्रुत्तो?" एवढं विचारलं तरी पुरे. हॉटेलात बसलात तर बिलात माणशी दीड ते तीन युरो 'कोपेर्तो' लागतोच, तो टेबलाचा चार्ज, त्यावर भांडू नका, टिप मात्र द्यायची सक्ती नाही. दुपारी एक ते चार-पाच दुकानं बंद आणि रात्रीचं जेवण आठच्या आधी कुठे धड मिळत नाही, तेव्हा चारला भूक लागेल म्हणून फोकाच्चाचा तुकडा पिशवीत ठेवाच.

पाणी विकत घेऊ नका. गावागावात चौकात लोखंडी नळ दिसतील, पुलियाच्या पाणीयोजनेचे. हा कोरडा प्रदेश, नद्या जवळजवळ नाहीत, डोंगरापलीकडच्या सेले नदीच्या उगमाचं पाणी कालव्याने आणलं आणि १९१५ मध्ये बारीला पहिल्यांदा पोचलं. दुष्काळी भागातून आलेल्या माणसाला ते नळ बघून बरं वाटतं. पाणी पिण्याचं असतं, बाटली भरा.

बीचवर 'लीदो' म्हणजे खाजगी, छत्री आणि दोन खुर्च्यांचे सीझनला चांगलेच पैसे घेतात. 'स्प्याज्जा लीबेरा' म्हणजे फुकट. टॉवेल, स्वस्तातली छत्री आणि खडकांसाठी रबरी बूट एवढं तिथेच दुकानातून घेतलं की लीदोची गरज नाही. आता खरी युक्ती, खालच्या सालेन्तो भागात सकाळी आधी वारा बघायचा. उत्तरेचा त्रामोन्ताना सुटला की एड्रियाटिक खवळतो आणि आयोनियन शांत असतो, म्हणजे त्या दिवशी गाल्लीपोली. दक्षिणेचा शिरोक्को असेल तर उलटं, एड्रियाटिकवरचं तोर्रे देल्लोर्सो. घरमालकाला विचारलंत तर तो खिडकीतून बघूनच सांगेल. लेच्चेहून उन्हाळ्यात बीचसाठी जादा बस असतात, मे आणि ऑक्टोबरमध्ये कमी. गाल्लीपोलीकडे जाताना वाळून उभी असलेली ऑलिव्हची झाडं दिसतील, मैलोन्मैल, २०१३ मध्ये तिथे झिलेल्ला नावाच्या जिवाणूची लागण सापडली आणि लाखो झाडं गेली. बघून पोटात तुटतं.

ओत्रांतोला गेलात तर कॅथेड्रलची फरशी बघा, बाराव्या शतकातलं मोझॅक, एक प्रचंड झाड आणि ते तोलून धरलेत दोन हत्तींनी. आल्बेरोबेल्लोला सकाळी नऊच्या आत पोचा, टूरच्या बसा आल्या की गल्लीत पाय ठेवता येत नाही, आणि दुकानांच्या बाजूपेक्षा समोरचा आया पिक्कोला भाग फिरा, तिथे चुना न वापरता रचलेल्या त्या टोपीसारख्या दगडी छतांखाली अजून माणसं राहतात. बारीत सान निकोलाची बझिलिका फुकट आहे. तिथून जवळच बायका दारात बसून ओरेक्क्येत्ते वळतात, चाकूने तुकडा ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, बघता बघता टोपली भरते. फोटो आधी विचारून काढा.

गाडी घ्यायची का? तीनचार जण असाल आणि सालेन्तोत बीच बीच फिरायचं असेल तरच, तेही दोन-तीन दिवस. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट, मेन ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड हवं, गाड्या बहुतेक गिअरच्या. जुन्या गावांच्या तोंडाशी 'झेड टी एल' पाटी, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी, दिसली की आत शिरू नका, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी येतो. पार्किंगला पांढरी रेघ फुकट, निळी पैसे देऊन, पिवळी आपल्यासाठी नाही.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर दोघं एका खोलीत, मे किंवा सप्टेंबरअखेर, माणशी दिवसाला खोली ३० ते ४० युरो, खाणं २० ते २५, प्रवास १० च्या आत, इतर ५ ते १०, म्हणजे ६५ ते ८५ युरो धरून चला, हिशेबाला सोपं म्हणून युरोचे १०० रुपये धरा. शहरकर रात्रीला माणशी वेगळा असतो, बरेच मालक तो रोखच मागतात, म्हणून सुटे जवळ ठेवा. आणि परतीचं विमान सोमवारी सकाळचं असेल तर रविवारची रात्र विमानतळाच्याच शहरात काढा, छोट्या गावातून रविवारी संध्याकाळी बाहेर पडायला टॅक्सीशिवाय काही मिळालं नाही तर आठवडाभर वाचवलेले पैसे तिथेच जातील.