पणजोबा शोधायचे तर आधी गट नंबर आणा

विटा-आटपाडीकडची गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यातली माणसं देशभर पांगली आहेत. जत्रेला गावी आली की मला, म्हणजे निवृत्त तलाठ्याला, गाठून विचारतात, "भाऊसाहेब, आमच्या पणजोबांचं काही सापडंल का?"

सापडतं. पण नुसतं नाव घेऊन दप्तरात काही हाती लागत नाही, गट नंबर लागतो. आपल्या वाट्याच्या रानाचा सातबारा काढा. नावांजवळ फेरफारांचे, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींचे, नंबर दिसतील. कंसात घातलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव, ते सोडू नका. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून हस्तलिखित सातबारे आणि त्या नंबरांच्या फेरफारांच्या नकला मागा. जमिनींच्या एकत्रीकरणाआधी गट नव्हते, सर्व्हे नंबर होते. त्यामुळे जुना सर्व्हे नंबर कोणता तेही तिथंच विचारून घ्या. काही जिल्ह्यांची जुनी पानं 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात.

खरा माल वारसाच्या फेरफारात असतो. खातेदार अमुक तारखेला मयत, वारस अमुक, अशी नोंद असते. म्हणजे माणूस मेला की त्याचं घर कागदावर उमटतं. नावापुढं 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; त्याच्या मागं धाकटे भाऊ दडलेत, त्यांना पुढच्या वाटणीच्या फेरफारात गाठा. 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, दिसलं तर पोरगं अज्ञान होतं, बाप लवकर गेला.

बायकांचा माग अवघड. 1956 च्या वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुली बहुधा नसतातच. त्यानंतर त्या 'इतर हक्क' रकान्यात किंवा हक्कसोड पत्रात भेटतात, सासरच्या नावानं. हक्क सोडला म्हणून नाव टिकलं, असा उफराटा प्रकार! पण आत्याचं सासर कळलं की तिकडची म्हातारी माणसं बोलती करता येतात.

पुढं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंद. जुनी पानं मोडीत आहेत, जाणकार सोबत न्या. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच. म्हणून पणजोबांचा जन्म त्यांच्या बापाच्या नावानं शोधा. मृत्यूचं कारणही लिहिलेलं असतं. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीची पानं जरूर उघडा. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात बऱ्याच जिल्ह्यांनी असली पानं स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवलीत. जात कुठलीही असो, चाळा.

आपल्याकडं आजोबाचं नाव नातवाला देतात, त्यामुळं एकाच घरात दर दोन पिढ्यांनी तोच 'धोंडी बिन सखाराम', म्हणजे सखारामचा मुलगा धोंडी, येतो. बापाचं नाव, सर्व्हे नंबर आणि साल, तिन्ही जुळल्याशिवाय माणूस आपला म्हणू नका. शके असेल तर 78 मिळवा. मराठवाड्यातल्या कागदांवर फसली, म्हणजे निजामी महसुली, सन असतो, त्यात 590 मिळवा. जिल्ह्याचं नावही बदलतं: 1949 ते 1960 सांगली म्हणजे दक्षिण सातारा, आणि आटपाडी त्याआधी औंध संस्थानात.

जमीनच नव्हती तर प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर बघा. जन्मतारीख 1 जून दिसली तर ती मास्तरांनी घातलेली समजा.

आणि हेळव्यांना विसरू नका. सांगली-कोल्हापूर भागात पिढीजात वंशावळ सांगत फिरणारे हे लोक. कागदात न सापडणारं मूळ गाव, भाऊबंद कुठून कुठं गेले, हे त्यांच्या वह्यांत असतं. तुमच्या घराण्याचा हेळवी ठरलेला असतो, तो कोण हे थोरल्या भावकीला ठाऊक असेल. तो आला की धान्य-पैसे द्या, वाचू द्या, फोनवर रेकॉर्ड करा. मधे थांबवून प्रश्न विचारू नका, लय तुटली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.