संस्थेचा पॉडकास्ट काढताय? या चुका टाळा

सामाजिक संस्था असो, ग्रंथालय असो की कॉलेजचा विस्तार विभाग, पॉडकास्ट काढायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: माइक कोणता घ्यायचा? हा प्रश्न यादीत सातव्या-आठव्या नंबरवर ठेवा. साध्या माइकवरचे कितीतरी पॉडकास्ट वर्षानुवर्षं ऐकले जातात. भारी माइक घेऊन चौथ्या भागाला थांबलेलेही ढिगाने आहेत. बुडण्याची कारणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतात आणि तीच ती असतात.

खातं कार्यकर्त्याच्या जीमेलवर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती पहिल्या दिवशी पाच मिनिटांत होते. ऑफिसात एक हुशार मुलगा असतो. तो म्हणतो, 'मी करतो ना,' आणि स्वतःच्या जीमेलवरून होस्टिंगचं, म्हणजे भाग इंटरनेटवर ठेवणाऱ्या कंपनीकडचं, खातं उघडतो. ओटीपी त्याच्याच फोनवर येतो. सगळे खूश.

ग्रामीण आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत असंच झालं. दोन वर्षं भाग नियमित निघाले, आशाताईंमध्ये ऐकणाराही चांगला वर्ग तयार झाला. मग मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. तिथे नंबर बदलला, जुना फोन बिघडला आणि जीमेल उघडेना. होस्टिंग कंपनीने नियमाप्रमाणे नोंदणीच्या ईमेलवरूनच संपर्क साधा म्हणून सांगितलं. संस्थेने घाईघाईत दुसरं खातं काढलं आणि सगळे जुने भाग एका दुपारी पुन्हा चढवले. आता एकाच नावाचे आणि एकाच चित्राचे दोन पॉडकास्ट झाले. फॉलो करणारे सगळे जुन्यावर राहिले. त्यांना नवीन भाग दिसेनात, त्यामुळे कार्यक्रम बंद पडला असाच त्यांचा समज झाला. काही महिन्यांनी लॉगिन परत मिळालं. मग जुन्या फीडवरून नव्याकडे वाट वळवली, तर ॲपमध्ये प्रत्येक जुना भाग दोनदा दिसायला लागला.

हे का होतं ते समजून घ्या. ॲपल किंवा स्पॉटिफाय तुमचा ऑडिओ भाग-भाग तुमच्याकडून मागवत नाहीत. होस्टकडे एक आरएसएस फीड असते, म्हणजे सगळ्या भागांची यादी असलेली एक फाइल. ॲप ती वाचतं. फॉलो करणारा माणूस या फीडच्या पत्त्याला बांधलेला असतो, पॉडकास्टच्या नावाला नाही. शिवाय यादीतल्या प्रत्येक भागाला जीयूआयडी नावाचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. भाग हाताने पुन्हा चढवला की नवा क्रमांक पडतो, आणि ॲपच्या लेखी तो नवाच भाग ठरतो.

म्हणून खातं संस्थेच्या ईमेलवर उघडा. रिकव्हरी नंबर ऑफिसच्या फोनचा द्या. पासवर्ड दोघांकडे असू द्या. फीडचा पत्ता आवक-जावक रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलात तरी हरकत नाही, पण कुठेतरी कागदावर असू द्या. फीडमध्ये ईमेल दिसेल अशी सेटिंग निदान नोंदणीपुरती चालू ठेवा. काही होस्ट ती मुळातच बंद ठेवतात, आणि पॉडकास्टवर हक्क सांगायचा तर स्पॉटिफायचा कोड त्याच ईमेलवर येतो. होस्ट बदलायचा झाला तर नव्या होस्टवर 'इम्पोर्ट' वापरा, मग जुन्यावर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता ॲपला कायमचा नव्या पत्त्याकडे पाठवतो. ॲपल ते किमान चार आठवडे ठेवायला सांगतं. मी सहा महिने ठेवा म्हणेन. जुन्या होस्टची पाच महिन्यांची फी वाचवून श्रोते घालवायचे, हा हिशोब काही पटत नाही. मूळ फाइली मात्र वेगळ्या हार्ड डिस्कवर हव्यातच.

याच जातीची एक छोटी चूक म्हणजे पोस्टरवरचा क्यूआर कोड थेट एखाद्या ॲपकडे नेणं. गूगल पॉडकास्ट्स २०२४ साली बंद झालं आणि त्या लिंका छापलेली सगळी पत्रकं रद्दी झाली. क्यूआर नेहमी स्वतःच्या वेबसाइटवरच्या पानाचा द्या. ॲपच्या लिंका तिथे हव्या तेव्हा बदलता येतात.

खोली न पाहता माइक पाहणं

ऑफिसच्या मीटिंग हॉलमध्ये खाली टाइल्स, एका बाजूला काच, वर पत्रा किंवा स्लॅब. तिथे टेबलाच्या मध्यभागी एक कंडेन्सर माइक ठेवून चार जण बोलतात. कंडेन्सर संवेदनशील असतो, तो खोलीच रेकॉर्ड करतो. अशा खोलीत डायनॅमिक माइक, म्हणजे मुख्यतः जवळचाच आवाज पकडणारा, बरा, आणि माणशी एक. तोंडापासून चार बोटं ते फार तर एक वीत अंतर, आणि माइक ओठांच्या अगदी समोर न धरता जरा तिरका. प, फ, ब, भ यांचा फुस्सकन बसणारा धक्का तिरक्या माइकवर कमी येतो. लेव्हल सर्वात मोठ्या आवाजाला उणे १२ डीबीच्या (डेसिबल) आसपास जाईल अशी ठेवा. पाहुणे हसले की सहा डीबी सहज वर जातात.

खोली तपासायला खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. मागे झणझण ऐकू आली तर गोधड्या काढा. गोधडी बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगायची. बहुतेक जण माइकच्या मागे टांगतात. पण कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या, माइकचं तोंड बोलणाऱ्याकडे असतं, म्हणजे त्याला बोलणाऱ्यामागची भिंत ऐकू येते. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागे असेल तर उत्तमच. पंखा बंद ठेवा, वीस मिनिटं रेकॉर्ड करा, मग पंखा लावून चहा. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरून घरी जाता येणार नाही. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर एअरप्लेन मोड.

'नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढू'

या वाक्याची चीड येते. ऑडॅसिटी या ऑडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन पंख्यासारखा एकसुरी आवाज कमी करतं. भिंतीवरून परत आलेला तुमचाच आवाज त्याला गोंगाट म्हणून ओळखता येत नाही. मग उतावळी मंडळी आकडा वाढवत नेतात, स आणि श कापले जातात आणि पाहुणे विहिरीतून बोलताहेत असं वाटतं. सुरुवातीला अर्धा मिनिट कोणीही न बोलता शांतता रेकॉर्ड करा, नमुना त्यातून घ्या आणि सहा ते नऊ डीबीवर थांबा. त्याने भागलं नाही तर पुन्हा रेकॉर्ड करा.

क्रमही पाळा: आधी काटछाट, मग नॉइज, मग ८० हर्ट्झखालची खोल घरघर काढून टाकणं, मग कॉम्प्रेशन, म्हणजे लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणं. लाउडनेस, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, सगळ्यात शेवटी: उणे १६ एलयूएफएस (ती मोजायचं एकक), शिखर उणे १ डीबीच्या वर नाही. ॲपलची शिफारस हीच आहे. मोनो (एकाच चॅनलची) फाइल असेल तर ऑडॅसिटीतल्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये 'ट्रीट मोनो ॲज ड्युअल मोनो' ही खूण राहू द्या, नाहीतर तीन डीबीचा फरक पडतो.

सुरुवातीला सत्कार समारंभ

शीर्षकगीत, स्वागत, संस्थेचा इतिहास, प्रायोजकांचे आभार, पाहुण्यांच्या पदव्या. चार मिनिटं झाली, आणि मधुमेहावर बोलायला आलेले डॉक्टर अजून 'नमस्कार'वरच आहेत. सभागृहात लोक उठून जायला लाजतात, फोनवर कोणी लाजत नाही. मुलाखतीतलं सगळ्यात नेमकं वाक्य उचलून सुरुवातीला लावा, परिचय दोन वाक्यांत उरका, आभार शेवटी. आणि 'सदर उपक्रमांतर्गत लाभार्थ्यांना' हे अहवालातलं मराठी अहवालातच राहू द्या.

किरकोळ वाटणाऱ्या काही गोष्टी:

ब्लूटूथ इअरबडवर रेकॉर्डिंग नको. माइक चालू झाला की दर्जा फोन कॉलवर उतरतो.

कॉलर माइकच्या वायरवर फोन की कॅमेरा हे निवडायची कळ असेल तर ती आधी तपासा.

मुखपृष्ठ चौरस हवं, १४०० ते ३००० पिक्सेल. आणि त्यावर अध्यक्षांचा फोटो नको.

पाच भाग हातात असल्याशिवाय पहिला सोडू नका.

'तीस सेकंद चालतात'

दुसऱ्याचं गाणं किंवा लेखन तीस सेकंदांपर्यंत परवानगीशिवाय वापरता येतं, असं सर्रास सांगितलं जातं. चालत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सेकंदांचा असा कोणताही आकडा नाही. अभिवाचनाच्या पॉडकास्टांनी तर हिशोब पाठच करावा: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून मोकळं आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत परवानगी लागेल. 'आम्ही पैसे कमावत नाही' हे परवानगीचं पत्र होत नाही.

परवानगी पाहुण्यांचीही घ्या, लेखी. कौटुंबिक हिंसा किंवा आजारपणाबद्दल बोलणाऱ्या बाईचं नाव बदलून भागत नाही, गावात आवाज दोन वाक्यांत ओळखला जातो. तिचं निवेदन दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या आणि गावाचा, नात्यांचा तपशीलही बदला.

श्रोता ॲपवर आहे असं धरून चालणं

तुमचा श्रोता शेतकरी किंवा अंगणवाडी सेविका असेल तर भाग व्हॉट्सॲपवरच फिरणार. स्टीरिओ १९२ केबीपीएसची दहा मिनिटांची फाइल १४.४ एमबी होते. तीच मोनो ६४ वर ४.८ एमबी, आणि बोलण्यात फोनच्या स्पीकरवर फरक कळत नाही. फाइलच्या नावात विषय लिहा. 'फायनल_२_नवीन' नावाची फाइल पुढे पाठवायला कोणी धजत नाही.

हे व्हॉट्सॲपवरचं ऐकणं होस्टच्या आकड्यांत येत नाही, हे देणगीदाराच्या अहवालात आधीच लिहा. उलट डाउनलोडला श्रोते म्हणू नका. आयएबी या ऑनलाइन जाहिरात क्षेत्रातल्या संघटनेच्या नियमाप्रमाणे एक मिनिटाएवढा ऑडिओ उतरला की एक डाउनलोड मोजलं जातं, मग कोणी ऐको न ऐको. आयफोनच्या २०२३ च्या आयओएस १७ ने न ऐकलेले भाग आपोआप उतरवणं कमी केलं, तेव्हा कित्येकांचे आकडे श्रोते न घटता खाली आले. अहवालात ॲपल आणि स्पॉटिफायच्या डॅशबोर्डवरचा, लोक कितव्या मिनिटाला सोडून गेले ते दाखवणारा आलेख जोडा.