परग्रहावरचे महाकाय उडते प्राणी कसे कल्पावेत

परग्रहावरचा महाकाय उडता प्राणी कागदावर उतरवायला बसलेला लेखक किंवा चित्रकार बहुधा चोचीपासून सुरुवात करतो, मग पंखांकडे वळतो, मग रंगांकडे, आणि हवेचा विचार शेवटी करतो किंवा करतच नाही. हा क्रम उलटा करावा. त्या ग्रहाचे गुरुत्वाकर्षण किती आणि तिथली हवा किती दाट, हे दोन आकडे वहीत लिहिल्याशिवाय चित्राला हात घालू नये.

याचे कारण साध्या गणितात आहे. प्राण्याची लांबी दुप्पट केली की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. म्हणून तोच आकार नुसता मोठा करत गेल्यास त्याला हवेत राहण्यासाठी अधिकाधिक वेगाने उडावे लागते. एके काळी मराठवाड्याच्या माळरानांवर दिसणारा माळढोक हिशेबासाठी घेऊ. उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी तो एक. जड नर 15 किलोचा आणि पसरलेले पंख सव्वादोन मीटरचे धरू. आता आपल्या ग्रहावर हवा पृथ्वीच्या तिप्पट दाट आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 0.6 पट आहे असे मानले, तर 3 भागिले 0.6 म्हणजे पाच. तेवढ्याच वेगाने उडणारा त्याच बांध्याचा प्राणी पाचपट लांब असू शकतो. पंख सव्वाअकरा मीटर आणि वजन 15 गुणिले 125, म्हणजे 1875 किलो!

या आकड्यावर लगेच भाळू नये. हाडांवरचा ताण लांबी आणि गुरुत्वाकर्षण यांच्या गुणाकाराने वाढतो, म्हणजे इथे तो तिप्पट होतो, आणि मोठ्या पंखांची फडफड संथ होत असल्याने स्नायूंची दर किलोमागची ताकदही घटते. मी स्वतः असा हिशेब करतो तेव्हा पाचाऐवजी तीनवर थांबतो: पंख पावणेसात मीटर, वजन सुमारे 400 किलो. ज्याला आणखी मोठे हवे असेल त्याने बांधाच बदलावा, मान आणि धड बारीक करावे, हाडे पोकळ ठेवावीत. आपल्याच पृथ्वीवर सुमारे 6 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी क्वेट्झलकोॲटलस हा उडता सरीसृप 10 मीटरच्या आसपास पंख पसरून उडत होता आणि त्याचे वजन 200 ते 250 किलो असावे असा अंदाज आहे.

दाट आणि विरळ हवेची खरी उदाहरणे समोर ठेवली की अंदाज चुकत नाहीत. शनीच्या टायटन या चंद्रावर हवा आपल्या चौपटीहून दाट आहे आणि गुरुत्वाकर्षण मात्र जेमतेम सातवा हिस्सा. उलट मंगळाची हवा इतकी विरळ की 2021 साली तिथे उडालेल्या इंजेन्युइटी या 1.8 किलोच्या हेलिकॉप्टरलाही आपली पाती मिनिटाला सुमारे 2400 वेळा फिरवावी लागत होती. मात्र जी हवा प्राण्याला पेलते ती पावसालाही पेलते, हे विसरू नये. टायटनवर मिथेनचे मोठे थेंबही सेकंदाला सुमारे दीड मीटर एवढ्या संथपणे पडतात. तशा ग्रहावर उफणणी केली तर भुसाबरोबर दाणेही सुपातून निघून दूर वाहतील. धूळ, बिया, पाचोळा यांचे वागणे प्राण्याइतकेच काळजीपूर्वक लिहावे.

सर्वांत जास्त वेळ मात्र उड्डाण घेण्यावर खर्च करावा, कारण बहुतेक कल्पना इथेच फसतात. जायकवाडीच्या नाथसागरावर रोहित पक्षी पाण्यावर धावत वेग घेताना पाहावेत. क्वेट्झलकोॲटलस चारही अवयवांवर रेटा देऊन उसळत असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. आपला प्राणी धावतो, उसळतो की कड्यावरून स्वतःला सोडतो, हे ठरले की पायांची जाडी आणि घरट्याची जागा आपोआप ठरते.

वर गेल्यावर त्याने शक्यतो पंख हलवू नयेत. उन्हाळ्यात माळ तापला की घारी गरम हवेच्या उसळीवर घिरट्या घालत चढतात, आणि भल्या सकाळी मात्र ही उसळी नसते. ग्रहाचा दिवस साठ तासांचा ठेवल्यास रात्रीचे सुमारे तीस तास या प्राण्याला कुठेतरी बसून काढावे लागतील; तेवढा वेळ तो काय खाऊन तग धरतो आणि त्याच्यावर कोण टपलेले असते, हे लिहावे.

शेवटी कागद बाजूला ठेवून मोकळ्या रानात जावे, ठरवलेल्या पंखांएवढे अंतर पावलांनी मोजून दोन टोकांना दगड ठेवावेत आणि मधोमध उभे राहून तो उतरेल कुठे ते पाहावे. बांधावरच्या बाभळी आडव्या येत असतील, तर ग्रहावरची झाडे विरळ करावीत किंवा पंख दुमडण्याचा सांधा आधी रेखाटावा.